तुमी मागा, मी बगते

सांगलीच्या आमच्या चर्चच्या तरुण संघातले आम्ही चौघं-पाचजण नाताळात एकत्र बसलो, की करंज्यांचं ताट फिरायच्या आत दुष्काळातल्या त्या कॅम्पचा विषय निघतोच. कॅम्प जेमतेम आठवड्याचा, पण किस्से अजून संपत नाहीत. उलट दरवर्षी वाढतात! त्यातलं कुत्रं सुरुवातीला मरतुकडं होतं, आता आमचा शांतवन सांगतो तेव्हा ते वासराएवढं असतं. मी मात्र सगळं होतं तसंच सांगते. निदान कुत्र्याच्या बाबतीत तरी.

बहात्तरचा दुष्काळ अजून सरला नव्हता, त्र्याहत्तरचा मे महिना. कवठे महांकाळच्या पुढे एका गावाची विहीर गाळानं भरली होती. ती उपसायला आम्ही कॉलेजची मुलंमुली निघालो, सोबत आमचे पाळकसाहेब. पाद्र्यांना आमच्यात पाळक म्हणतात. माणूस लाख मोलाचा, पण प्रार्थना सुरू केली की वेळेचं भान नाही.

*

गाळात उतरायचं म्हणून पाळकसाहेबांनी कुणाकडून तरी गुडघ्याएवढे गमबूट मागून आणले होते. पिशवीत मावेनात, म्हणून घालूनच एसटीतून उतरले. घोट्याएवढा फुफाटा आणि त्यात गमबूट! पारावरची माणसं उठून बघायला आली.

एका म्हाताऱ्यानं आधी बुटांकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "आवं, रेडिओवर कायतरी सांगितलं व्हय पावसाचं?"

"नाही हो. पाणी लागलं तर असावेत म्हणून."

म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "लय भरवसा हाय गड्या मानसाला!"

*

आम्हाला शाळेच्या खोलीत उतरवलं. शेजारचं घर दगडूचं. तो संध्याकाळी चौकशीला आला. "ह्ये सायब काय करत्यात?"

शांतवन म्हणाला, "ते आमचे पाळक आहेत."

"आसं व्हय! काय पाळता वो, शेरडं का मेंढरं?"

पाळकसाहेबांना बायबलमधला मेंढपाळ आठवला असणार, आणि मेंढरं म्हणजे आम्ही चर्चची मंडळी. गोड हसून म्हणाले, "मेंढरंच म्हणा."

"किती हायती?"

"दोनशे-अडीचशे असतील."

दगडूचे डोळेच पांढरे झाले. "आन ह्या दुष्काळात चारा कोन देतंय?"

पाळकसाहेबांनी आकाशाकडे बोट केलं. "सगळं वरून येतं."

"वरनं मंजूर हुतंय व्हय? मग आमची दोन म्हसरं बी लिवा की त्येच्यात!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत पाळकसाहेबांनी दगडूच्या दोन्ही म्हशींसाठी मागणं केलं. अगदी मनापासून!

*

पहिल्या दिवशी आमच्या हातांना फोड आले आणि घशांना कोरड पडली. कुदळ दोनदा मारायची की तांब्याभर पाणी! गाळाच्या पाट्या वर ओढणाऱ्या बायांमध्ये दगडूची आई होती, बायाक्का. हाडकुळी, काळी, जिभेला धार. दुपारी तिनं रिकाम्या घागरीत डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, "पोरी, तुमी हीर उपसाया आलाय का घागर?"

त्यानंतर आम्ही घोट मोजूनच पाणी प्यायलो. कारण तिचं काय पणाला लागलंय ते तिनंच सांगितलं. गावाला पाणी टँकरचं, आणि टँकर येईल त्या दिवशी खरा. दगडूनं ठरवलं होतं, आमच्या कॅम्पच्या शेवटच्या दिवसापर्यंत विहिरीला पाणी लागलं नाही, तर घराला कुलूप लावून म्हशींसकट आष्ट्याला सासुरवाडीला जायचं. बायाक्काला तिथं जाऊन पडायचं नव्हतं.

"सुनंच्या म्हायारात मी म्हातारी काय म्हनून बसू? भाकरी मागून घ्यायची माज्या जिवावर येतंय बग."

मी पुढची पाटी जरा जास्तच भरली आणि ती उचलताना पालथी केली.

*

आता कुत्रं. जेवणाआधी आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले, पाळकसाहेबांनी आभार मानायला सुरुवात केली. मंडळीतले आजारी, प्रवासातले, परीक्षेला बसलेले, सगळे नावानिशी झाले. डोळे उघडले तर टोपलीत भाकरी नाहीत आणि कुत्रं बांधावर!

बायाक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "सगळ्यांनीच कशापायी मिटायचं वो? एकानं तरी उगडं ठेवायचं की!"

"पण बायाक्का, आमच्यात तशी रीत आहे."

"मग तुमी मागा, मी बगते."

त्या दिवसापासून ती हातात काठी घेऊन टोपलीपाशी उभी राहू लागली. प्रार्थना संपली हे कसं ओळखायचं, ते तिनं विचारून घेतलं. 'आमेन' म्हटलं की संपली, असं मी सांगितलं आणि पस्तावले. कारण परीक्षेला बसलेल्यांपाशी पाळकसाहेब पोचले, की भाकरी गार होते म्हणून बायाक्काच जोरात म्हणायची, "आमेन!"

पाळकसाहेब न थांबता पुढे जायचे. आम्ही मात्र मनातून तिच्या बाजूचे.

*

एका संध्याकाळी शांतवननं गिटारवर आमचं एक संथ गीत म्हटलं. डोळे मिटून, मान हलवून. गावातले भजनी बुवा शेवटपर्यंत अदबीनं बसले. मग हळूच विचारलं, "कुनी गेलंय का वो तुमच्यातलं?"

*

शेवटचा दिवस उजाडला. गाळ संपला, खाली खडक लागला. थोडी ओल, बाकी काही नाही. वर दगडूची गाडी भांडीकुंडी भरून, बैल जुंपून तयार. कुणी कुणाकडे बघेना.

पाळकसाहेब म्हणाले, "वर जाण्याआधी इथेच प्रार्थना करू." गावातली माणसंही विहिरीत उतरली. बायाक्का पायऱ्या उतरून आली आणि सवयीनं डोळे उघडे ठेवून उभी राहिली.

पाळकसाहेबांनी थेट सृष्टीच्या निर्मितीपासून सुरुवात केली. बायबलमधल्या मोशेनं खडकावर काठी मारून पाणी काढलं तिथवर आले असतील, तेवढ्यात माझ्या अनवाणी पायांना गार लागलं. मला वाटलं, शांतवननं घागर लवंडली. शेजारी कुणीतरी पाय उचलला, पुन्हा ठेवला. पण डोळे कोण उघडणार? रीत म्हणजे रीत!

"आमेन!" बायाक्का ओरडली.

पाळकसाहेबांना सवय झाली होती. ते थांबले नाहीत.

"आमेन! आमेन!" मग मान वर करून, विहीर घुमेल अशी हाक, "दगडू, बैलं सोड रं!"

"...आणि प्रभू, अजून एक मागणं..."

बायाक्कानं त्यांची बाहीच धरली. "आवं पाळकसायब, बास की! त्येनं दिलं बी, आन तुमी आजून मागतायसा व्हय? बूट काडा आन बगा!"