केसपेपरवर दुसरीचं नाव

तारीख २९ डिसेंबर, वार सोमवार. रक्कम शून्य. ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीपाशी हजर: माझी बायको, माझी धाकटी बहीण आणि बहिणीची नऊ वर्षांची मुलगी, म्हणजे माझी भाची. मी बाहेर गाडी लावायला जागा शोधत होतो. त्यामुळे कागद निघाला तेव्हा मी तिथे नव्हतो.

बहीण लग्न झाल्यापासून इंग्लंडला आहे. भाची तिकडेच जन्मली, पासपोर्ट तिकडचा. नाताळच्या सुट्टीत दोघी आमच्या गावी आल्या होत्या. माझी मुलगी भाचीहून चार महिन्यांनी मोठी. दोघींची उंची सारखी, केसही सारखेच कापलेले, आणि आठ दिवसांत एकमेकींचे फ्रॉक घालून फिरायला लागल्या होत्या.

आमच्या आळीत कुत्री व्याली की पोरं घरोघर फिरून कणीक, तेल, गूळ गोळा करतात आणि तिला बाळंतिणीसारखा शिरा करून घालतात. भाचीला हे फार आवडलं. त्या दिवशी सकाळी दोघी वाडग्यात शिरा घेऊन ओढ्याकडच्या पडक्या गोठ्यात गेल्या. भाचीने पिल्लू उचललं आणि कुत्रीने तिच्या हाताला धरलं. मनगटाच्या वर दोन दात रुतले होते, रक्त येत होतं.

शेजारच्या काकू वाटीत तिखट आणि तेल कालवून धावत आल्या. "भरा, भरा आधी. इख उतरतंय त्यानं."

बायकोने त्यांना बाजूला केलं. भाचीचा हात मी नळाखाली धरला, बायको साबण लावत राहिली. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पंधरा मिनिटं भरू दिली. बहीण म्हणत होती, "पुरे ना दादा, निघू या." मी म्हटलं, "पंधरा म्हणजे पंधरा." काकू तिखटाची वाटी ओट्यावर ठेवून तोंड वाकडं करत गेल्या. माझी मुलगी दाराआड उभी होती. तिला काकूंकडे थांबायला सांगून आम्ही निघालो.

रुग्णालयात गाडी लावून आत गेलो तेव्हा बायकोच्या हातात केसपेपर होता. कुठलाही कागद वाचल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. पतसंस्थेत वीस वर्षं हेच काम केलं आहे. कागदावर माझ्या मुलीचं नाव होतं. खाली आधार क्रमांकही तिचाच.

"हे नाव चुकलंय."

बहिणीने मला खांबाआड ओढलं. "चुकलं नाही, दादा. मीच वहिनीला द्यायला सांगितलं."

"का?"

"पासपोर्ट पुण्याला सासरी राहिलेत. परदेशी म्हटलं की कागद मागतील, पैसे मागतील, वरच्यांना विचारतील. तोवर हिला काय नुसतं बसवून ठेवू? आईच्या वेळचं विसरलास?"

विसरलो नव्हतो. भाचीच्या जन्माच्या वेळी आई तिकडे गेली होती. बर्फावरून घसरली आणि मनगट मोडलं. तिथल्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. तिथले रहिवासी असतील तर ते फुकट. आई पाहुणी, आणि महिन्याभरासाठी कशाला म्हणून विमा काढलेला नव्हता. दोन हजार नऊशे पौंडांचं बिल आलं. बहिणीने ते हप्त्यांनी फेडलं. तेव्हा ती नोकरीत नव्हती.

"त्यांनी हात आधी बसवला," मी म्हटलं. "बिल नंतर पाठवलं."

"हो, पण आधी सांगितलं होतं ना, बिल येणार म्हणून. तिकडे निदान सगळं लिहिलेलं असतं. इथे काय नियम आहे, तुला तरी माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं.

"मग आधी सुई होऊ दे. त्यानंतर तुझं ऑडिट कर."

बायको मागून म्हणाली, "अहो, हळू बोला. रांग बघतेय."

आत नर्सबाईंनी भाचीचं वजन केलं आणि विचारलं, "नाव काय गं बाळा?" भाचीला तोंड उघडायचं नाही अशी ताकीद होती. ती आईकडे बघत राहिली.

"मुकी हाय का पोरगी?"

"घाबरलीय हो," बायको म्हणाली.

लस दंडात दिली ते तिने सोसलं. पण सिरम, म्हणजे लस लागू पडेपर्यंत विषाशी लढणारं तयार औषध, जखमेच्या कडेकडेने टोचतात. दुसऱ्या टोचणीला ती इंग्रजीत ओरडली की आग होतेय, थांबवा. नर्सबाईंचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "इंग्लिश मीडियम?"

"हो, हो," बहीण घाईने म्हणाली.

"आमची पन इंग्लिश मीडियमच हाय. रडायला मात्र मराठीतच रडती." आणि त्यांनी उरलेलं औषध पूर्ण केलं. रिकामी बाटली ट्रेमध्ये टाकताना म्हणाल्या, "नशीब बघा पोरीचं. ही शेवटची. काल बाजारात एकाच कुत्र्यानं पाच माणसं फोडली. आता गुरुवारी येत्याल नवीन."

डॉक्टरीणबाई बाळंतपणाच्या खोलीत होत्या. त्यांची वाट बघून नाव दुरुस्त करून घ्यावं असं मी म्हणालो. बहीण म्हणाली, "दुसऱ्या डोसला यायचंच आहे, तेव्हा सांग." भाची थरथरत होती. आम्ही घरी आलो.

दुपार झाली होती. माझी मुलगी काकूंकडे जेवली नव्हती. ओट्याच्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती, पायांत गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे. बायको म्हणाली, "एवढ्या उन्हात मोजे कशाला? काढ ते, पाय धू आणि जेवायला चल." मुलगी मागे सरकली. बायकोने पाय धरून मोजा ओढला. पोटरीवर, गुडघ्याच्या खाली, दाताचं खोल भोक होतं आणि त्यात लाल तिखट बसलेलं होतं. ओट्यावरची काकूंची वाटी निम्मी झाली होती.

"मी भरलंय, आई," ती म्हणाली. "काकू म्हणाल्या ना, उतरतं त्याने."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"मीच तिला म्हणाले होते, उचल पिल्लू, काही करत नाही. तुम्ही सगळ्यांनी आत्याला काय सांगितलं असतं?"

बहीण पायरीवर तिच्याजवळ बसली. बायकोने मुलीचा पाय नळाखाली धरला. तिखट धुतलं जाताना मुलगी दात आवळून उभी होती. मी पुन्हा घड्याळ बघितलं. या वेळी कोणी पुरे म्हणालं नाही.

भाचीलाही गाडीत घेतलं. गाव सुटलं तेव्हा मला उमगलं की माझ्या मुलीच्या नावावर लसही लागलेली आहे आणि सिरमही. ते मी बोलून दाखवलं.

 बहीण म्हणाली, "मग आता हिला माझ्या पोरीच्या नावावर दाखवू. हिला तिचं नाव, तिला हिचं. शेवटी दोघींना मिळालं की झालं. हिशोब बरोबरच होतो की."

"एक चूक झाकायला दुसरी उलटी नोंद करायची. आमच्याकडेही करतात असं. ऑडिट होईपर्यंत ताळा जमतो."

"दादा, टोमणे नंतर मार. शनिवारचं विमान आहे माझं. खोटं आधार दिलं म्हणून मला अडकवलं तर? हिची शाळा, माझी नोकरी."

"पुढचे डोस तिकडे घ्यायचेत ना? मग कागद कुणाच्या नावाचा दाखवशील?"

 बायको मागच्या सीटवरून म्हणाली, "वन्सं, सकाळी तुमच्या पोरीसाठी मी खोटं बोलले. आता माझ्या पोरीसाठी खरं बोलू द्या." एवढं बोलून ती रडायला लागली. रस्ताभर मला तेवढाच आवाज ऐकू येत होता.

खिडकीवर सकाळचाच माणूस होता. त्याने नाव लिहून घेतलं आणि पेन थांबवलं. "ह्या नावानं सकाळीच झालंय की, काका. सिरम बी गेलंय. परत कशाला?" मग जरा वाकून, "भायेर विकायला तर न्हाई ना न्यायचं? येत्यात तसली बी लोकं."

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आवरा की ओ पुढं."

बहिणीने माझी बाही धरली होती. बाही सोडवून घेतली नाही, पण बोललो. "सकाळी जिला दिलं ती माझी मुलगी नव्हती, भाची होती. ती इंग्लंडची नागरिक आहे. आम्ही नाव खोटं दिलं. जिचं नाव दिलं ती ही, आणि हिलाही तीच कुत्री चावली आहे."

त्याने दोन्ही मुलींकडे आळीपाळीने पाहिलं. "इंग्लंडची? मग खोटं कशापायी? आमी काय हाकलून देनार हुतो? कुत्र्याच्या केसला आधार नसलं तरी अडत न्हाई. मोबाईल नंबर लिवतो आमी." आणि उठून, "चला मॅडमकडं. हे माझ्या हातात न्हाई."

डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. त्यांनी आमचं सगळं ऐकेपर्यंत मान वर केली नाही. आधी मुलीची पोटरी पाहिली, भोकात अजून तिखट आहे का ते दिवा लावून तपासलं, पुन्हा धुवायला लावलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही मघाशी बोलला नसता आणि कोणी रजिस्टर बघून 'हिचं झालंय' म्हणून घरी पाठवलं असतं, तर जबाबदार कोण?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही म्हणून काय उपयोग? पोर तर हिची गेली असती." त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं.

बहीण म्हणाली, "मॅडम, चूक माझी आहे. मला वाटलं, परदेशी म्हटल्यावर आधी पैसे भरायला लावतील."

"इथे आज कोणी पैसे भरलेत? बाहेर रांगेत विचारून या."

"आता पोलिसांना कळवणार का?"

"मला पेशंट बघू द्या," त्या म्हणाल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. 

मुलीला लस दिली. सिरम नव्हतं, कारण शेवटचं भाचीला गेलं होतं. जखम खोल आहे, गुरुवारची वाट बघू नका, आजच नगरला जिल्हा रुग्णालयात जा, असं सांगून बाईंनी चिठ्ठी लिहिली. मग रजिस्टर मागवलं. सकाळच्या ओळीवर लाल रेघ मारून भाचीचं खरं नाव, वजन आणि देश लिहिला. खाली दुरुस्तीचं कारण. माझी सही, बहिणीची सही. बहिणीच्या मोबाईलमध्ये पासपोर्टचा फोटो निघाला. तो सकाळी तिला आठवला नव्हता. नंबर उतरवून घेतला. चिठ्ठीतही त्यांनी लिहिलं की या नावाची सकाळची नोंद दुसऱ्या मुलीची आहे.

नगर तिथून दीड तासावर. वाटेत उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, पुढे काढायला जागा नाही. मी कधी हॉर्न वाजवत नाही, त्या दिवशी सारखा वाजवला. मुलीने विचारलं, "बाबा, तिखट भरल्यामुळे जास्त झालंय का?" मी म्हटलं, नाही. मला खात्री नव्हती.

जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. समोर दोन मुली, दोघींच्या दंडांवर कापसाचे बोळे. "यातली कोणती?"

माझ्या मुलीने हात वर केला.

"सिरम आहे ना?" बायकोने विचारलं.

"आहे." त्यांनी एवढंच म्हटलं आणि फ्रीज उघडला. 

टोचायला लागले तेव्हा मुलगी मला घट्ट धरून हुंदके गिळत होती. भाची तिच्या कानाशी जाऊन तिच्या त्या तिरक्या मराठीत म्हणाली, "रड तू. तुला अलाउड आहे. मला सकाळी रडू पण नाही दिलं." मुलगी रडता रडता हसली आणि मग मोठ्याने रडली. डॉक्टर म्हणाले, "पाय हलवू नको, बाकी काय वाटेल तेवढं ओरड."

बाहेर येऊन मी खिडकीवर विचारलं, किती झाले. "काही नाही," आतून आलं. बहिणीने पुढे होऊन विचारलं, "माझ्या मुलीचं सकाळी तालुक्याला झालंय. ती इथली नाही. तिचं किती होतं?" खिडकीतल्या बाईंना प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, "सकाळचं तिकडं विचारा."

गुरुवारी, एक जानेवारीला, दोघींना दुसऱ्या डोससाठी तालुक्याला नेलं. या वेळी दोन केसपेपर, दोन नावं. डॉक्टरीणबाईंनी भाचीसाठी इंग्रजीत पत्र तयार ठेवलं होतं: काय दिलं, कधी, पुढचे डोस कोणत्या तारखांना. पोलिसांचा विषय त्यांनी काढला नाही. बहिणीने पैशांचा काढला. परदेशी माणसासाठी वेगळा दर असेल तर तो घ्या, नसेल तर तसं सांगा, पण सोमवारपासून मला झोप नाही, असं ती म्हणाली.

"दर मला माहीत नाही, आणि कुत्रा चावलेल्या लेकराकडून मी मागणारही नाही," बाई म्हणाल्या. "रुग्ण कल्याण समितीला देणगी देता येते. ती देणगी, किंमत नव्हे. आणि ती दिली म्हणून आधारचं केलंत ते बरोबर ठरत नाही."

"नाही ठरत," बहीण म्हणाली.

शनिवारी दोघी विमानात बसल्या. भाचीचे उरलेले डोस तिकडे झाले, सरकारी दवाखान्यात, फुकट, कारण ती तिथली. माझ्या मुलीचे इथे झाले. कुत्री महिनाभरानेही ठणठणीत होती.

दिलेली रक्कम अशी. दोघींच्या लस-सिरमचे तालुक्याला आणि नगरला मिळून: शून्य. पेट्रोल पंपावर: अकराशे चाळीस, मी. रुग्ण कल्याण समितीला: तीन हजार रुपये, बहिणीने, पावती भाचीच्या नावाने, पत्ता इंग्लंडचा.