ओली शेपटी

पक्षिगृहातल्या मावशींच्या तोंडाला कुणी लागत नसे. पण शराटी पक्षी ओळखावा तर त्यांनीच. पिंजऱ्यात दोन जातींचे शराटी एकत्र नांदत होते. डोकं काळं, अंग पांढरं, चोच विळ्यासारखी. अगदी सख्खे चुलतभाऊ. इथल्या जातीला मावशी 'घरचे' म्हणत आणि बाहेरून आणलेल्यांना 'पाहुणे'. पाहुण्यांच्या पंखांची कड काळी, शेपटीवरची पिसंही काळीकुट्ट. घरच्यांचे पंख टोकापर्यंत पांढरे आणि शेपटीवरची पिसं राखाडी. बाकीचे लोक पंख उघडून खात्री करत. मावशी पाठमोऱ्या पक्ष्याकडे एकदा बघत आणि मोकळ्या होत.

त्या सकाळी वरून हुकूम आला. पाहुणे घरच्यांशी जोड्या जमवतात, जात बिघडते. पाहुण्यांना सुई देऊन संपवा. निवड मावशींनी करायची, सुई डॉक्टरांनी द्यायची.

"पंख उघडून बघूया का, मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? ओढाताणीत पंख मोडतात, साहेब. तीस वर्षं झाली मला."

तासाभरापूर्वी मावशींनीच पाइप धरून पिंजरा धुतला होता, पक्ष्यांसकट. आता त्यांनी बारा पक्ष्यांच्या पायांना लाल दोरा बांधला, एकेकाला एकेका टोपलीत घातलं आणि टोपल्या उन्हात ठेवल्या. डॉक्टर एकेक टोपली आत नेऊ लागले.

चौथी टोपली सरकवताना मावशींचा हात थबकला. आतल्या पक्ष्याची शेपटी वाळली होती, आणि ती राखाडी होती. ओलं राखाडी काळंच दिसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. दुखरे गुडघे विसरून मावशी आत धावल्या.

"थांबा, साहेब."

डॉक्टर तिसऱ्या पक्ष्याच्या अंगातून सुई बाहेर काढत होते.

मावशींनी टेबलावरच्या तिघांचे पंख स्वतः उघडले. पहिल्याची कड काळी. दुसऱ्याचीही काळी. तिसऱ्याचा पंख टोकापर्यंत पांढरा निघाला. अंग अजून गरम होतं. त्यांना स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती.

डॉक्टर हळूच म्हणाले, "पिसं ओली होती, असं लिहितो मी. चूक कुणाचीही होते, मावशी."

"पिसं ओलीच होती," मावशी म्हणाल्या. "बाईला वाळेपर्यंत दम निघाला नाही, असं लिहा."