नऊ ठिकाणं आणि एक पूजा

उदगीरच्या बाजारात ईश्वरप्पाचं भांड्यांचं दुकान आहे. दुकान ईश्वरप्पाचं आणि आवाज गुरम्माचा, असं शेजारचे व्यापारी म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. घागरीला पोचा असला तर गुरम्मा गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः दाखवणार. पण कुणी उगीच खोट काढायला लागला, तर त्याची बिनपाण्यानं करणार. वय बासष्ट, राग नाकाच्या शेंड्यावर.

एका गोष्टीत मात्र ती देवभोळी म्हणा, हट्टी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. सकाळी अंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, पाण्याचे थेंब सोडायचे. ते होईस्तोवर तोंडात पाण्याचा घोट नाही. मुलाच्या, सोमेशच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा आधी पूजा उरकली आणि मग दवाखान्यात गेली. त्या सोमेशच्या गळ्यात तो सव्वा महिन्याचा असताना मठाच्या स्वामींच्या हातून लिंग बांधलं, तेही तिनंच पुढं होऊन.

अशी ही बाई लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या सोमेशकडं आल्यावर पहिल्याच दिवशी दुपारचे दोन वाजले तरी उपाशी होती, आणि रागानं नुसती धुमसत होती.

झालं असं, की सोमेशला रजा मिळाली एकच दिवस. सहा वर्षांनी आईबाप भेटलेत, तर त्या एका दिवसात नऊ ठिकाणं दाखवायची, असं त्यानं ठरवून टाकलं. घरात न्हाणीघर एक. आधी सोमेश गेला, मग ईश्वरप्पा. ईश्वरप्पानं अंघोळ, पूजा, चहा सगळं पटापट उरकलं. गुरम्मा केस पुसत बाहेर आली तर खाली टॅक्सी उभी.

"अव्वा, चल चल!" सोमेश आईला घाई करत म्हणाला. "पूजा तिकडं बागेत कर. मस्त हिरवळ हाय, पाच मिनिटं बसू."

गुरम्मानं विभूती, उदगीरहून आणलेली बेलाची पानं आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि निघाली. पोराच्या शब्दावर विसंबली, ही तिची चूक.

बाग आली आणि गेली. राजवाड्यासमोर लाल कोटातले शिपाई बघायला ही गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. "पुढं बघू, अव्वा." मग ते मोठं घड्याळ. मग पूल. मग एक चर्च, तिथं ती बाकावर बसली आणि डबीला हात घातला, तर सोमेश दंडाला धरून उठवतोय. "इथं नको गं, बरं दिसत न्हाई."

"देवाच्या दारात देवाचं नाव घ्यायला बरं दिसत न्हाई?" गुरम्मा कडाडली. चार माणसं वळून बघायला लागली. सोमेशचे कान लाल झाले.

ईश्वरप्पा तेवढ्यात बाहेर जाऊन कॉफी घेऊन आला होता. बायकोसमोर उभा राहून फुर्रकन ओढत म्हणाला, "अगं, एक दिवस इकडंतिकडं झालं तर काय होतंय? बघायला आलो ना आपण!"

"प्या तुम्ही! गिळा!" घशाला कोरड पडली होती, डोकं ठणकत होतं आणि तिला दोघांचाही संताप आला होता.

सहावं ठिकाण म्हणजे काचेचा उंचच उंच मनोरा. आत जायच्या आधी तपासणी. गुरम्मा चौकटीतून गेली आणि यंत्र ओरडलं. तिथली पहारेकरीण गळ्याकडं बोट करून अदबीनंच काहीतरी म्हणाली आणि पुढं एक ट्रे सरकवला. गुरम्मानं डबी मुठीत घट्ट धरली.

मागं रांग खोळंबली. सोमेश चिडला. "काढ की अव्वा! दोन मिनिटांचं काम. गळ्यातून काढल्यानं काय आभाळ कोसळत न्हाई. मी न्हाई का काढून ठेवलं?"

बोलून गेला आणि जीभ चावली.

गुरम्मानं त्याच्याकडं पाहिलं. पुढं होऊन त्याच्या शर्टाचं वरचं बटण सगळ्या लोकांसमोर काढलं. गळा मोकळा.

"कुठंय?"

"अव्वा, नंतर सांगतो..."

"कुठंय, म्हणते मी!"

"जुन्या घरी राहिलं. घर बदलताना. मग सापडलंच न्हाई." सोमेश पुटपुटला. "चार वर्षं झाली."

गुरम्मानं नवऱ्याकडं वळून पाहिलं. ईश्वरप्पा काचेतून बाहेर बघत होता. इतकं मन लावून, की तिला सगळं कळलं.

"तुमाला ठाऊक हुतं."

"तुला तरास नको म्हणून..." ईश्वरप्पा एवढंच बोलला.

गुरम्मा माघारी फिरली. रांगेतल्या लोकांनी आपोआप वाट दिली. बाहेर मनोऱ्याच्या पायरीवर तिनं पदर डोक्यावर घेतला, मांडी घातली, लिंग तळहातावर घेतलं. येणारे जाणारे थबकत होते, कुणी फोन काढत होतं.

"अव्वा, लोक बघायलेत," सोमेश मागून कळवळला.

"बघू दे. बघायलाच आलेत ना समदे."

तिनं पूजा केली, एकही गोष्ट न गाळता. मग बाटलीतलं पाणी घटाघटा प्याली. सोमेश खालच्या पायरीवर येऊन बसला होता.

"अव्वा, आता जेवशील ना?"

आणि मग गुरम्माचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "रोज सांजच्याला मी फोनवर इचारते, सोमेश, पूजा झाली का रे? तू म्हणतोस, झाली. चार वर्षं, रोज. कुणाची झाली रे पूजा?"

सोमेश शर्टाचं वरचं बटण लावायला लागला.

"लिंग हरवलं असं सांगितलं असतंस, तर दोन दिवस बोलले असते, रडले असते. स्वामींना भेटून दुसरं बांधलं असतं. पण तू रोज हो म्हणालास, आन् मी रोज त्यावर सुखानं झोपले. हे न्हाई मी सोडणार."

ती उठली. "राहिलेली ठिकाणं बापलेक मिळून बघा. तुमचं दोघांचं चांगलं जमतंय."

ती ताडताड रस्त्याच्या कडेनं चालत बसच्या थांब्यापर्यंत गेली. एकामागून एक लाल बस आल्या आणि गेल्या. कुठली कुठं जाते, तिला ठाऊक नव्हतं. ज्या घरात रात्री झोपली, त्याचा पत्तासुद्धा तिला सांगता आला नसता. सोमेश चार हातांवर येऊन उभा राहिला होता.

मग मान न वळवता तिनं विचारलं, "कुठल्या नंबरची?"

त्यानं नंबर सांगितला, आणि पुन्हा त्याच्याच शब्दावर विसंबून ती बसमध्ये चढली.