सुरमईचा भाव

"माका चोर म्हटल्यान गो, तुझ्या भाडेकरून!"

मासेवाली रुक्माताई पुढच्या दारी घरमालकीणकाकींना सांगत होती. काकी हसल्या. "पुण्याचो तो. तेका बांगडो नि तारलो एकच. तू मनाक लावून घेव नको."

मी मागच्या दारी उभी राहून ऐकत होते. पुढे गेले नाही. का गेले नाही, हे मी घरच्यांना, मैत्रिणींना आजवर सांगितलेलं नाही.

तो भाडेकरू म्हणजे समीर. आम्ही लग्न न करता तारकर्लीत एकत्र राहत होतो – काकींना मात्र नवरा-बायको म्हणून सांगितलेलं. भाडं, गॅस, मासे, सगळं निम्मं-निम्मं. समीरला या न्यायाचा फार अभिमान. पण मासे साफ कोण करायचं? खोबरं किसून वाटप कोण वाटायचं? मीही त्याच्याइतकीच नोकरी करून यायचे. एकदा हळूच विषय काढला, तर म्हणाला, तुला आवडतं ना स्वयंपाक करायला?

मला आवडत नव्हता.

माशाला छापील किंमत नसते. आज होडीला काय लागलं, त्यावर भाव. घासाघीस करायची समीरला लाज, म्हणून रुक्माताईकडची खरेदी माझ्याकडे. मग शंभराची सुरमई मी दीडशेची सांगू लागले. तो निम्मे द्यायचा – निमूटपणे, अगदी न्यायाने. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, अबोल मुलगी. माझा संशय कुणाला येणार? वरच्या पैशांतून चपला घेतल्या, सावंतवाडीला जाऊन सिनेमा पाहिला. अडचण होती म्हणून नव्हे. ते माझे होते म्हणून. आजही मला तसंच वाटतं.

पण एकदा बाजारात त्याला खरा भाव कळला, आणि त्याने भर रस्त्यात रुक्माताईला चोर म्हटलं. मी शेजारी उभी होते. पिशवीकडे बघत राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं – तिला कळलं असेल? काकींकडे येऊन सांगून गेली, त्यानंतर ती आमची वाडी टाळूनच जायची. पैसे माझे होते; तिचं चांगलं नाव मात्र माझं नव्हतं, मी ते तिच्याकडून घेतलं.

पुढे एका रविवारी समीर स्वतः मासे घेऊन आला. ओट्यावर पिशवी ठेवत म्हणाला, "बघ, प्रामाणिक माणसाकडून घेतलं की किती स्वस्त पडतं."

काकी अंगणात होत्या. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी बोलले.

"रुक्माताईने कधीच जास्त घेतलं नाही. वरचे पैसे मी घेत होते. आणि आजचे मासे तू साफ कर."