साडूंची रिकामी कपाटं

पुस्तकांच्या कपाटांवर जीव टाकणारा आणि पुस्तकांना मात्र पायरीवरच थोपवणारा माणूस अख्ख्या अष्टागरात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. नागावात त्यांची नारळ-सुपारीची वाडी, वाडीत घर आणि घरात पुस्तकांची जुनी अकरा कपाटं. सागवानी, शिसवी, काचेच्या दारांची, माथ्यावर कोरीव कमान असलेली, आणि सगळीच्या सगळी रिकामी. शाळेतून निवृत्त होऊन मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा माझी पुस्तकं खोक्यांत होती आणि पुढे सहा वर्षं ती खोक्यांतच राहिली. खाऱ्या हवेने पानं पिवळी पडली, कसर लागली. एक कपाट तरी द्या, असं मी दर दिवाळीला मागायचो आणि दर दिवाळीला ते चकलीची ताटली पुढे करत शांतपणे सांगायचे, "मास्तर, पुस्तकांच्या वजनाने फळी वाकते."

फळी सरळ राहिली पाहिजे, हा त्यांचा धर्मच. दर महिन्याला ते प्रत्येक फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणतात आणि एक डोळा मिटून खालून बघतात. रोज सकाळी तांब्या घेऊन कपाटांच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी भरतात, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्या पायी अंगणातली तुळस मात्र पाण्यावाचून वाळते, असं ताईंचं, म्हणजे माझ्या मेव्हणीचं म्हणणं. ताई दोन खोल्या पर्यटकांना देतात. त्यांतल्या एकीतही दोन कपाटं आहेतच. पुण्याच्या एका बाईंना त्या वाट्या मांजरांसाठी ठेवल्यात असं वाटलं आणि त्यांनी आठही वाट्या मायेने दुधाने भरल्या. दुपारपर्यंत वाडीतल्या झाडून सगळ्या मुंग्या तिथे जमल्या. साडूंना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

त्यांना घेऊन कुठे जायची सोय नाही. चौलला एका ओळखीच्या घरी आम्ही समाचाराला गेलो होतो. सगळे खाली माना घालून बसलेले, आणि हे कोपऱ्यातल्या कपाटाच्या पाठीला नाक लावून उभे. वारलेल्या गृहस्थांच्या मुलाला वाटलं, काकांना रडू आवरत नाही. तो येऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागला. साडू वळून मला हळूच म्हणाले, "अस्सल शिसवी." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. वर्षभराने तेच कपाट टेम्पोतून नागावला आलं. दारातून जाईना, तेव्हा खिडकीची चौकट काढली. ते उचलताना घामाघूम झालेल्या गड्याने विचारलं, "भाऊ, यान ठेवाचा काय?" साडू म्हणाले, "काही नाही. बघायचं."

मग वादळ आलं. भर दुपारी माझ्या घराची कौलं उडाली आणि सगळी खोकी भिजली. वारा पडल्यावर मी अंगणात डोक्याला हात लावून बसलो होतो. साडूंची अर्धी वाडी आडवी झाली होती. स्वतःच्या पडलेल्या पोफळी ओलांडत ते आले, त्यांच्याकडे न बघता. एक भिजलेलं पुस्तक उचलून त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "उन्हात नको. सावलीत सुकवू." वीज नव्हती. चार दिवस हा माणूस ओटीवर बसून ताईंच्या सुपाने माझ्या पुस्तकांना वारा घालत होता. पाचव्या दिवशी त्यांनी चौलचं कपाट उघडलं आणि एकेक पुस्तक पुसून आत लावलं. "तुमचं छप्पर होईपर्यंत," असं मला बजावलं.

छप्पर होऊन आता दोन वर्षं झाली. किल्ली त्यांच्याच कमरेला असते. माझंच पुस्तक वाचायला मला त्यांच्याकडे जावं लागतं, आधी हात धुवावे लागतात, घरी न्यायचं तर परत कधी आणणार ते सांगावं लागतं. संताप येतो. पण परवा गेलो तेव्हा त्यांचा दोरा लावायचा दिवस होता. चौलच्या कपाटाची मधली फळी वाकली आहे, हे मला गेल्या आठवड्यातच दिसलं होतं. आज त्यांनाही कळणार आणि आपली पुस्तकं पुन्हा खोक्यांत जाणार, या धास्तीने मी पुस्तकात डोकं घालून बसलो. दहा कपाटं झाली. अकरावं चौलचं. त्याच्या मधल्या फळीवरून त्यांनी एकदा हात फिरवला, आणि दोरा न ताणताच गुंडाळून खिशात ठेवला.