गोधडी विकताना आजी झाले

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. ही वही कुणी वाचणार नाही, तरी आधीच माफी मागून टाकते, म्हणजे लिहायला मोकळी.

आमच्याकडे पुण्याजवळ मोशीला नवऱ्याचे कंपनीतले जुने युनिफॉर्म साठले होते. चाकणच्या कंपनीचं कापड. आतला माणूस झिजतो, कापड झिजत नाही. त्याची मी एक निळी गोधडी शिवली. धाकट्या जावेने ती पाहिली आणि म्हणाली, "ताई, ही ऑनलाइन विकू." ती बारावी शिकलेली, म्हणून मी मान हलवली.

फोटोत तिला माझं तोंड नको होतं, नुसते हात हवे होते. खाली तिने लिहिलं, 'दुर्गम खेड्यातल्या ऐंशी वर्षांच्या आजींनी चुलीच्या उजेडात शिवलेली. अशी दुसरी मिळणार नाही.'

"अगं, मी बेचाळीसची आहे. आणि आपल्याकडे गॅस आहे."

"गॅसवाल्या बाईची गोधडी कोण घेणार, ताई? आणि हात बघा की तुमचे. भांडी घासून घासून झालेतच ऐंशीचे."

मी हात पाहिले आणि तिला तेच ठेवू दिलं.

बाणेरच्या एका मॅडमनी पंचवीसशेला गोधडी घेतली. वेबसाइटने आपले सहाशे कापून एकोणीसशे दिले. ते त्याच दिवशी लेकीच्या दहावीच्या क्लासला भरले. फी थकली म्हणून तिला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं.

महिन्याभराने मॅडमचा फोन आला. जावेने तो माझ्या कानाला लावला आणि कुजबुजली, "आजी म्हणून बोला." माझा आवाजच फुटेना. मॅडमना वाटलं, आजींना ऐकू येत नाही. त्या ओरडल्या, "आजी! गोधडीतून कोंब आलाय!"

माझ्या माहेरी शेवटचा कोपरा शिवताना आत ज्वारीचे चार दाणे घालतात, पांघरणाऱ्याचं पोट कधी रिकामं राहू नये म्हणून. मॅडमनी गोधडी मशीनला धुतली आणि ओलीच घडी करून ठेवली असणार. आता पैसे परत मागणार, मी मनात म्हटलं.

पण मॅडम भलत्याच खूश होत्या. "किती अस्सल आहे हो हे! मी फोटो टाकला, सगळे वेडे झालेत. माझ्या मैत्रिणींना पाच हव्यात. आजी, मी आता साठीची झाले, मला आशीर्वाद द्या!"

जाऊ पाच बोटं नाचवत होती. पाच गोधड्या म्हणजे लेकीची वर्षाची फी. नुसतं 'सुखी रहा' म्हणायचं होतं. पण वयाने मोठ्या बाईला आशीर्वाद द्यायला जीभच उचलेना.

"मॅडम," मी म्हटलं, "मी बेचाळीसची आहे. मोशीला राहते. आशीर्वाद तुम्हीच द्या मला."

पलीकडून फोन बंद.

संध्याकाळी वेबसाइटवर तक्रार आली. 'गोधडीत कचरा निघाला. फसवणूक. सगळे पैसे परत हवेत.' दाणे तेच होते, कोंबही तोच. दुपारपर्यंत तो अस्सल होता.

पैसे परत गेले नाहीत तर जावेचं खातं बंद होणार होतं, म्हणून पंचवीसशे तिने स्वतःच्या खिशातून भरले. कापलेले सहाशे वेबसाइटने ठेवून घेतले. त्याला फसवणूक म्हणत नाहीत. गोधडी काही परत आली नाही.

"खोटं मी लिहिलं, ते चाललं," जाऊ म्हणाली. "खरं तुम्ही बोललात आणि दुकान बुडालं!"

नवरा म्हणाला, "माझ्या युनिफॉर्मला पंचवीसशे? कंपनी मला दिवसाचे तेवढे देत नाही."

मी लेकीला क्लासमधून काढलं नाही. बिल्डिंगमधल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावायला घेतले, साठ रुपयाला एक. त्या कामात माझं वय कुणी विचारलं नाही. मिळतील तसे जावेला देत गेले. गेल्या सोमवारी शेवटचे शंभर तिच्या हातावर ठेवले. ती "राहू द्या हो ताई" म्हणत होती. मी तिला मोजायला लावले. पंचवीसशे पूर्ण फिटले.