आबांचं चौथं शील

आमचे आबा, म्हणजे माझे वडील पिराजी, इतके खरं बोलायचे की घरच्यांना त्याचा जाच व्हायचा. बहात्तरच्या दुष्काळात ते येडशीजवळच्या आमच्या गावी सोसायटीच्या गोदामावर राखणदार होते. मिलोची, म्हणजे रेशनवर वाटायच्या परदेशी लाल ज्वारीची, पोती कमी भरली तेव्हा चेअरमन म्हणाले, "उंदरांनी खाल्ली म्हणून सांग." आबा म्हणाले, "दोन पायांचं उंदीर लई दिसलं सायेब, चार पायांचं एक न्हाय दिसलं." नोकरी गेली. मग आबा आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. त्या खडीवर मी शिकलो.

अठ्ठ्याहत्तर साली मला अमेरिकेत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. कोरडवाहू जमिनीत ओल कशी टिकते, हा विषय. परदेशी शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती होती, पण ती आम्हा बौद्धांना लागू नव्हती. कागदावर हिंदू महार असाल तरच. आबांनी छप्पन सालीच दीक्षा घेतलेली, घरातले देव स्वतःच्या हातानं विहिरीत सोडलेले. आता वडील म्हणून आबांनी कचेरीत शपथेवर लिहून द्यायचं होतं, की आम्ही हिंदू आहोत.

दुसरी वाट नाही, असं मी त्यांना सांगितलं. वाट होती. तिथल्या प्रोफेसरांचं पत्र माझ्या पेटीत पडलं होतं: प्रयोगशाळेत काम कर, फी माफ, पोटापुरता पगार देऊ, पण पदवीला दोन वर्षं जास्त लागतील. विमानाच्या तिकिटासाठी धाराशिवच्या कॉलेजातले सर वर्गणी काढायला तयार होते. पण तेवढा उशीर झाला तर कृषी विद्यापीठात निघणारी प्राध्यापकाची जागा दुसराच कुणी पटकावेल, ही मला धास्ती. मी पत्र दाबून ठेवलं.

कारकुनानं मजकूर वाचून दाखवला. आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. त्यांनी सही केली.

ब्याऐंशीला मी डॉक्टर होऊन परतलो. जागाही मिळाली. पहिल्याच रविवारी समाजमंदिरात वंदनेला आबांशेजारी बसलो. पंचशील सुरू झालं. पहिली तीन शीलं आबा खणखणीत म्हणाले. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि ते गप्प. पाचव्याला पुन्हा आवाज लागला. मला वाटलं, ठसका लागला असेल.

घरी आईला विचारलं. "कचेरीत जाऊन आल्यापासनं असंच हाय," आई म्हणाली. "म्हणत्यात, जे मोडलं ते कुठल्या तोंडानं म्हणू?"

त्याच दुपारी मी आबांसमोर बसलो आणि पत्राचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"दोन वर्सं वाचली न्हवं तुझी?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मंग वाया न्हाय गेलं," म्हणाले आणि शेळीला पाला टाकायला उठले.

पुढच्या रविवारी चौथं शील आलं, तेव्हा मीही तोंड मिटून बसलो. आबांनी मला कोपरानं ढोसलं.

"तू म्हण," ते हळूच म्हणाले. "खोटं म्या बोललोय."

मी म्हटलं. इतकी लाज मला कचेरीतही वाटली नव्हती.